"अनुभवापुढे फीत झुकली पाहिजे" या पोस्टला उत्तर: हवालदार नाल्याकाठी चुकलाच

लांज्याचा सुभेदार (धागाकर्ता)

परवा 'वाशिष्ठीकाठ' यांनी आपल्या मामांची गोष्ट इथे टाकली आणि खाली "सलाम", "खरा हिरो", जोडलेले हात, डोळ्यांत पाणी, सगळं जमा झालं. मी गप्प बसलो होतो. पण काजूवर फवारणी करतानाही डोक्यात तेच, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. लांबेल. कंटाळा येईल त्यांनी पुढच्या धाग्यावर जाऊन बांगड्याचे फोटो बघावेत.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट अशी. मामा ईशान्येकडे प्लाटून हवालदार. पावसाळा, गस्त, वाटेत नाला. लेफ्टनंट नवा, पलटणीत येऊन काही महिनेच झालेले. तो म्हणाला दोर बांधा, पलीकडे चला. मामा सगळ्या प्लाटूनसमोर म्हणाले, "साहब, पानी चढ़ रहा है, मैं जवान नहीं उतारूँगा." तासाभरात पाणी खरंच वाढलं. तरी मामांना सीओंपुढे, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरपुढे, उभं केलं, सिव्हियर रेप्रिमांड (कडक ठपका) मिळाली, सर्व्हिस शीटवर लाल शाई लागली, नायब सुभेदारीची बढती हुकली. लेफ्टनंट आज कर्नल आहे. आणि भाच्याचा निष्कर्ष: अनुभवापुढे खांद्यावरची फीत झुकली पाहिजे.

पहिलं म्हणजे, फीत हवालदाराच्या दंडावर असते. लेफ्टनंटच्या खांद्यावर स्टार असतात. फौजेवर लिहिताना एवढं तरी घरात विचारून घ्यावं.

आता मुद्दा. पाण्याबद्दल मामा बरोबर होते, मान्य. मी भांडतोय ते पाण्यावर नाही, त्या वाक्यावर. "पाणी वाढतंय" हा सल्ला झाला. "मी उतरवणार नाही" हा नकार झाला, आणि तोही पोरांसमोर. असं बोलल्यावर लेफ्टनंटपुढे दोनच वाटा उरतात. हट्टाने पोरांना पाण्यात घालणं किंवा पोरांसमोर मान खाली घालणं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा पहिलीच निवडणार. म्हणजे ज्या जवानांना वाचवायचं त्यांनाच मामांनी जास्त धोक्यात घातलं.

मी काय करायचो सांगतो. साहेबांच्या शेजारी जाऊन नकाशा उघडायचा. नकाशात बघायचं काहीच नसतं. पण हवालदार-सुभेदार नकाशा उघडून साहेबाजवळ उभा राहिला की पोरं आपोआप चार पावलं लांब सरकतात, बिड्या काढतात. मग एका रेघेवर बोट ठेवायचं आणि हळू सांगायचं, "साहब, ये नाला अभी जान लेगा. पंद्रह मिनट चाय बोल दो, मैं ऊपर से रास्ता देखता हूँ." साहेब मागे वळून ओरडतो, "पंद्रह मिनट, चाय!" हुकूम त्याचा, पोरं सुखरूप, पाणी आपलं आपण वाढत बसतं. पोरांना काय झालं ते कळत नाही असं समजू नका. सगळं कळतं. फक्त कुणी तोंडाने बोललेलं नसतं.

कारण त्याच पोरांना उद्या गोळी चालू असताना हाच लेफ्टनंट "आगे बढ़ो" म्हणणार आहे. तेव्हा त्यांनी हवालदाराच्या तोंडाकडे बघितलं तर तेवढ्यात माणूस जातो. पंचेचाळिशीत मी पोराच्या वयाच्या लेफ्टनंटला सॅल्यूट ठोकायचो आणि तो मला "साहब" म्हणायचा. यात दोघांनाही आपापलं काहीतरी गिळावं लागतं. त्यावरच पलटण चालते.

मराठा पलटण १७६८ ची. पदाचा मान आपल्या कोकणी माणसाच्या रक्तातच आहे. दोन लाइकांसाठी तो घालवू नका.

वाशिष्ठीकाठ

सुभेदार साहेब, तुमच्या वयाचा मान ठेवून. तिथे मामा होते, तुम्ही नव्हता. दोर बांधून दोन पोरं कमरेएवढ्या पाण्यात गेली होती. नकाशा कुठल्या पावसात उघडता? तो भिजून लगदा होईपर्यंत पोरं खालच्या वळणाला पोचली असती.

आणि फितीचं कळलं. धन्यवाद. मुद्दा संपला की अशा चुका सापडतात.

लांज्याचा सुभेदार

दोन पोरं पाण्यात होती हे तुझ्या पोस्टमध्ये नव्हतं. आता उत्तर देताना नाल्याचं पाणी वाढवू नकोस.

देवरुखची कॅप्टन

जय हिंद, सुभेदार साहेब. शॉर्ट सर्व्हिस केली, एएससीत (रसद-वाहतूक) होते. नकाशाची युक्ती माझ्या सिनियर जेसीओंनी (सुभेदार, नायब सुभेदारांनी) माझ्यावरही चालवली आहे. तुमच्या युक्तीचं मोल मला पुरतं ठाऊक आहे. तरी सांगते, या गोष्टीत चूक लेफ्टनंटची, आणि त्याहून जास्त सीओंची.

नवा अधिकारी युनिटमध्ये आला की त्याला काही आठवडे जवानांबरोबर बॅरेकमध्ये ठेवतात. तिथलंच जेवण, त्यांच्याबरोबरच पीटी. हे कशासाठी? कोण हवालदार उगाच कुरकुरतो आणि कोणाने तोंड उघडलं की थांबायचं, हे कळावं म्हणून. ज्याला काही महिन्यांत आपला प्लाटून हवालदार ओळखता आला नाही तो नाल्याच्या आधीच नापास झाला होता.

आता तुमच्या नकाशाबद्दल. आमच्या युनिटमधली गोष्ट. थंडीचे दिवस, वरच्या रस्त्यावर कॉनव्हॉय. पुढच्या वळणावर सकाळी बर्फाचा पातळ थर असतो, डांबरासारखाच काळा दिसतो. जुन्या हवालदाराने अधिकाऱ्याला बाजूला घेऊन, अगदी तुमच्या पद्धतीने, कानात सांगितलं की ऊन येईपर्यंत थांबू. अधिकारी "देखते हैं" म्हणाला आणि निघाला. तिसरी गाडी घसरून कठड्यावर आदळली. जीव कुणाचा गेला नाही, एका पोराचा पाय गेला. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी. हवालदाराला विचारलं, तुला धोका दिसत होता तर बोलला का नाहीस? तो म्हणाला बोललो होतो. अधिकारी म्हणाला आठवत नाही.

नकाशाआड बोललेल्याला साक्षीदार नसतो, साहेब. तुमच्या युक्तीने अधिकाऱ्याची अब्रू दोन्ही वेळा वाचते, ऐकलं तरी आणि नाही ऐकलं तरी. हवालदाराची फक्त ऐकलं तरच.

लांज्याचा सुभेदार

मॅडम, गाडीच्या केबिनमध्ये हीटर असतो. इन्फन्ट्रीच्या नाल्यात नसतो. एएससीच्या रस्त्यावरून इन्फन्ट्रीचा कायदा ठरवू नका.

देवरुखची कॅप्टन

त्या तिसऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला इन्फन्ट्रीचीच पोरं बसली होती. तिथे हीटर नसतो.

खेडचा वकील

भावना बाजूला ठेवून कायदा बघू. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४१. वरिष्ठाने प्रत्यक्ष दिलेला कायदेशीर हुकूम त्याच्या अधिकाराला उघड आव्हान देत मोडला तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. तसं आव्हान नसेल, नुसता हुकूम मोडला असेल आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (लढाई-मोहिमेवर) नसेल तर पाच वर्षांपर्यंत. मामांना रेप्रिमांडवर सोडलं, म्हणजे सीओंनी उलट दयाच दाखवली.

पण हाच कायदा दुसऱ्या बाजूलाही आहे, तो कुणी वाचत नाही. कलम ४७: हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा वाईट वागणूक दिली तर अधिकारी असो, जेसीओ असो की हवालदार, सात वर्षांपर्यंत शिक्षा. कलम २६: जवानाला वरिष्ठाने अन्याय केला असं वाटलं तर कंपनी कमांडरकडे तक्रार, आणि तक्रार त्याच्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे. मामांनी सव्वीसखाली तक्रार केली होती का?

वाशिष्ठीकाठ

नाल्यात उभं राहून अर्ज लिहायचा होता का, वकीलसाहेब? स्टँप पेपरवर की साध्या कागदावर?

चाकरमानी ठाणे

फौजेबद्दल आदर आहेच. पण जग बदललंय. आमच्या ऑफिसात ट्रेनीसुद्धा सीईओला नावाने हाक मारतो आणि मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत चूक दाखवतो. याला सायकोलॉजिकल सेफ्टी म्हणतात. हे आपल्याकडेच होतं. महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस हे तिघे सारख्या दर्जाचे असायचे. एकाच्या हातात सगळी सत्ता द्यायचीच नाही. आजच्या फौजेने तेच उचलावं.

मालवणी मास्टर चीफ

मेल्या, थयसर चूक दाखवलस तर फार तर तुझो बोनस जाता. हयसर माणूस जाता.

आणि ते तिघे सारखे ठेवले ते किल्लो फितुरीन जाव नये म्हणान. एकान शत्रूक दार उघडूचा म्हटला तरी बाकीचे दोघे आडवे येवक होये. नाल्याकाठी फितुरीचो काय संबंध? नाल्याकाठी एकच तोंड होया.

आता नेव्हीचा कोण विचारीत नाय, म्हणान मीच सांगतंय. जहाजावरसून माणूस पाण्यात पडलो तर जो पयलो बघता तो वरडता, "मॅन ओव्हरबोर्ड". काल भरती झालेलो पोरगो असलो तरी त्येणाच वरडूचा. तेव्हा रँक कोण विचारीत नाय. म्हणजे सुभेदार म्हणता तसा काय हळू आवाजात सांगूचा आणि काय बोंब मारून सांगूचा, ह्या आधीच ठरवन ठेवक होया. पाणी वर येताना ठरवूचा नाय.

बाकी मराठीत लिहितो, नाहीतर रत्नागिरीवाल्यांना कळायचं नाही. सुभेदारांचा आतल्या आत मिटवण्यावर फार विश्वास आहे, त्यांनी १९४६ चं नौदलाचं बंड आठवावं. कुलाब्याला 'तलवार' ही सिग्नलची शाळा. कमांडर किंग खलाशांना आईबापावरून शिव्या घालायचा. पोरांनी लगेच बंड केलं नाही. सामूहिक तक्रार हा गुन्हा, म्हणून एकेकट्याने रीतसर अर्ज दिले. वकीलसाहेब, तुमच्या सव्वीससारखेच. साहेबाने उलट अर्ज करणाऱ्यांनाच दम भरला. १८ फेब्रुवारीला पोरांनी जेवणही नाकारलं आणि कामही. बघता बघता ७८ जहाजांवर पसरलं. वाट होती, पण ती जिथे पोचायची तिथे तोच माणूस बसला होता.

रोह्याचा सिग्नलवाला

सगळे मोठमोठं बोलतायत, पैशाचं कुणी काढत नाही. मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) सातव्या आयोगात अधिकाऱ्याला महिना १५,५०० आणि जेसीओ-जवानाला ५,२००. हा पगार नाही, जोखमीचा मोबदला आहे म्हणे. नाल्यात दोघं सारखेच बुडतात ना? मग जोखीम तिप्पट कुणाची? हा प्रश्न मी आमच्या संघटनेच्या सभेत विचारला तर अध्यक्ष म्हणाले विषयपत्रिकेत नाही. विषयपत्रिकेत काय होतं? २६ जानेवारीला झेंडा ऑनररी कॅप्टनने (सुभेदारीतून मानद झालेल्या) फडकवायचा की रेग्युलर कॅप्टनने. दीड तास.

देवरुखची कॅप्टन

हे मान्य. तुम्ही म्हणता तो फरक मलाही कुणी पटवून दिलेला नाही. पण धाग्याचा विषय हा नाही.

रोह्याचा सिग्नलवाला

विषय हाच आहे मॅडम. १५,५०० घेणाऱ्याला विषय वेगळा वाटतो.

कॅम्प दापोली

मी फौजी नाही, शिक्षक आहे. पणजोबा आणि त्यांचे वडील फौजेत होते. सुभेदार साहेबांचं बाकी सगळं शांतपणे वाचलं, पण "पदाचा मान कोकणी माणसाच्या रक्तातच आहे" इथे अडकलो. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारात जाणार यावरून गावोगाव पोलीस बसवावे लागतात, ते कुठल्या रक्ताने?

ज्या गावाला म्हातारी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात तिथला मी. इंग्रजांच्या जुन्या मुंबई फौजेतले पेन्शनर इथे राहायचे, त्यात महार सुभेदार, जमादार, हवालदार पुष्कळ. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, निवृत्तीनंतर काही काळ इथेच राहिले. त्या फौजेत वरच्या जातीचा शिपाई महार सुभेदाराच्या हुकमात असायचा. फॉल-इनमध्ये सॅल्यूट ठोकायचा. बाहेर सावली चालत नसे, आत हुकूम चालायचा. पदाला सलाम होता म्हणून चालायचा.

मग काहीच जाती 'लढाऊ' असतात हे इंग्रजांचं खूळ आलं आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. त्यामागच्या युक्तिवादातला एक हा होता की वरच्या जातीची माणसं यांचा हुकूम मानणार नाहीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मानला त्यांच्याच बाबतीत! महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, इथे दापोलीत बसून त्याविरुद्ध सरकारकडे विनंतीअर्ज करत होते. पुढे त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं तर शेजारी बसायला लोक तयार नव्हते. लोकल बोर्डात खांद्यावर काही नसतं ना.

तेव्हा रक्ताचं नका सांगू. पद हे रक्ताविरुद्धच उभं केलेलं असतं.

गुहागरचा गणपत

झालं! नाल्यातून जात निघाली. फौजेत जात नसते. मी मराठा एलआयमध्ये (लाइट इन्फन्ट्री) होतो, एका ताटात जेवलोय सगळ्यांबरोबर. इथे तरी हे विष आणू नका.

कॅम्प दापोली

तुम्ही जेवलात यात शंका नाही. मी १८९२ सालाबद्दल बोलतोय, तुमच्या ताटाबद्दल नाही. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. पुन्हा गरज पडली तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. त्याच रेजिमेंटमधून पुढे कृष्णराव आणि सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख झाले. हे विष असेल तर शाळेत मी रोज शिकवतो.

गुहागरचा गणपत

म्हणजे मराठा एलआय जातीयवादी असं म्हणायचंय का? नीट सांगा. यशवंत घाडगे आमच्या पलटणीचे, माणगावजवळच्या पळसगावचे. व्हिक्टोरिया क्रॉस.

कॅम्प दापोली

असं कुठल्या ओळीत म्हटलंय ते दाखवा. घाडगेंचा पुतळा माणगावला आहे, मुलांची सहल तिथे नेतो मी.

देवरुखची कॅप्टन

गणपत, उगाच चिडू नका. सर म्हणतायत ते आजचंही आहे. महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयात काय मांडलं होतं आठवतं? जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिकता अजून घडलेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने ते फेटाळलं. शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच युक्तिवाद, नुसता माणूस बदलला. "ते मानणार नाहीत" हे बहुतेक वेळा ज्यांना स्वतःलाच मानायचं नसतं ते बोलतात.

माझ्या हाताखाली ग्रामीण भागातलेच जवान होते. जत, आटपाडी, चाळीसगाव. एकाने कधी हुकूम टाळला नाही. टाळला तो एका शिकलेल्या मेजरने, माझ्या हाताखाली नव्हता म्हणून.

लांज्याचा सुभेदार

मॅडम, सरांनी आणि तुम्ही जे लिहिलं ते माझ्याच बाजूचं आहे, लक्षात येतंय का? पदाला सलाम, माणसाला नाही. महार सुभेदार असो, बाई असो, मिसरूड न फुटलेला लेफ्टनंट असो. हवालदाराला "हा नवखा आहे, मी याचं का ऐकू" म्हणायची मुभा दिलीत की उद्या कुणीतरी "ही बाई आहे" म्हणणार, परवा आणखी काही. मुभा एकदा दिली की कारण जो तो आपलं घालतो.

"रक्तात" हा शब्द मागे घेतो. सरांनी शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

देवरुखची कॅप्टन

अगदी चतुर. पण "नवखा आहे म्हणून ऐकणार नाही" असं मामा म्हणाले नव्हते. "पाणी वाढतंय" म्हणाले होते. कारण माणसात शोधणं आणि कारण नाल्यात दाखवणं यात फरक आहे की नाही? आणि घाडगेंचा विषय निघालाच आहे तर, १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांचा सगळा सेक्शन पडला तेव्हा ते नाईक होते. मशीनगनवर एकटे गेले. ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोघे संपवले. नकाशा उघडला नाही.

लांज्याचा सुभेदार

त्यांनी हुकूम मोडला नव्हता, पार पाडला होता. उदाहरण देताना कुठल्या बाजूचं आहे ते बघत जा, मॅडम.

चिपळूण पेठ

मला फौजेतलं काही कळत नाही, पाण्यातलं कळतं. २२ जुलै २०२१. बाजारपेठेतलं माझं दुकान पूर्ण पाण्याखाली, आम्ही वरच्या मजल्यावर, आईला दम्याचा त्रास. दुपारनंतर वर्दीतल्या पोरांची बोट आली. त्यांचा जो मुख्य होता त्याने हात करून सांगितलं, सरळ इकडे घ्या. पुढच्या टोकाला आमच्याच गल्लीतला भोयांचा पोरगा बसला होता, बनियनवर, वाट दाखवायला घेतलेला. तो सरळ म्हणाला, "नाय नाय, तिथे कंपाउंड आहे खाली, वर लोखंडी भाले आहेत." सगळ्यांसमोर. मुख्य माणसाने एक सेकंदसुद्धा लावला नाही. "किधर से?" एवढंच विचारलं. बोट मागच्या बोळातून आली. ते पाण्याखालचं कंपाउंड दोन दिवसांनी उघडं पडलं तेव्हा मी स्वतः भाले बघितले, रबरी बोट टराटरा फाटली असती.

त्या साहेबाचा मान कमी झाला असं मला तरी वाटलं नाही. आई अजून त्याला आशीर्वाद देते.

लांज्याचा सुभेदार

तो पोरगा सिव्हिलियन होता. त्याने "मी बोट नेऊ देणार नाही" म्हटलं नाही, भाले आहेत म्हणाला. हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

मालवणी मास्टर चीफ

नाय सुभेदारांनु, तुम्ही पयल्यापासून नकाशो सांगताहास. तो पोरगो सगळ्यांदेखत बोललो. ह्या मान्य करा आणि मग फवारणीक जावा.

लांज्याचा सुभेदार

धोका मोठ्याने सांगावा, नकार मोठ्याने सांगू नये. घ्या. झालं समाधान?

देवरुखची कॅप्टन

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी माझी संध्याकाळ वाचवली असती.

चाकरमानी ठाणे

म्हणजे शेवटी सायकोलॉजिकल सेफ्टीच की!

गुहागरचा गणपत

याला कुणीतरी ब्लॉक करा.

वाशिष्ठीकाठ

मामांना रात्री सगळा धागा वाचून दाखवला. मला न विचारता टाकलास म्हणून आधी वीस मिनिटं मला झापलं. मग जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत टाकतो:

"त्या लेफ्टनंटला वायरलेसवर कंपनी कमांडर सारखा विचारत होता, पोचलास का, पोचलास का. सहाच्या आत पलीकडे पाहिजे होतं. पोरगा माझ्याकडे बघत होता आणि सेट कानाला होता. तो स्वतः थांबला असता तर त्याची लागली असती. मी मोठ्याने नाही म्हटलं ते त्या सेटमध्ये ऐकू जावं म्हणून. मग दोष माझ्यावर आला, त्याच्यावर नाही. हे मी तुला सांगितलं होतं, तू ऐकत नव्हतास, मोबाइल बघत होतास."

मी विचारलं, मग सीओंपुढे हे का नाही सांगितलं? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर त्याचं नाव गेलं असतं. मला पेन्शन बसलेली होती."

देवरुखची कॅप्टन

म्हणजे त्या कर्नलला हे माहीत आहे?

वाशिष्ठीकाठ

दिवाळीला फोन येतो त्यांचा. मला कुणाचा ते आज कळलं.

लांज्याचा सुभेदार

मामांना माझा रामराम सांग. आणि कंपनी कमांडर कोण होता ते विचार. साल आणि बटालियन मला वैयक्तिक निरोपात पाठव, इथे नको.

रोह्याचा सिग्नलवाला

त्या कंपनी कमांडरला एमएसपी किती मिळत होता तेही विचारा.

खेडचा वकील

हेतू काहीही असो, कलम ४१ तरीही लागतंच.